दोन स्मारकांच्या मधला सैनिक

गावातला तरुण रणांगणावर पडल्याची वार्ता आली की सारे गाव दोन-तीन दिवस एका घरासारखे वागते. बाजारपेठ बंद राहते, रस्त्यांवर रांगोळ्या निघतात, तिरंग्यात लपेटलेल्या पार्थिवावर फुलांचा वर्षाव होतो, मानवंदनेच्या फैरी झडतात. कोल्हापूर जिल्ह्याला हे दृश्य अपरिचित नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे ऋषीकेश जोंधळे आणि करवीर तालुक्यातील निगवे खालसाचे संग्राम पाटील हे दोन जवान सीमेवर थोड्याच दिवसांच्या अंतराने हुतात्मा झाले, तेव्हा अवघा जिल्हा हळहळला होता.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. शोक उत्स्फूर्त असतो. स्मरण तसे नसते. ते जाणीवपूर्वक राखावे लागते. आई-वडिलांच्या पिढीबरोबर घरातली आठवण ओसरते आणि मग भिंतीवरच्या तसबिरीतला तरुण कोण, हे नातवंडांनाही नीट सांगता येत नाही. हातकणंगले तालुक्यातील कबनूरसारख्या गावात तर ही अडचण अधिकच जाणवावी. इचलकरंजीच्या कुशीत वसलेल्या या गावाची वाढ यंत्रमागांच्या आधाराने झाली. या पट्ट्यात पोटापाण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतूनही माणसे आली. जिथे शेजाऱ्याचे मूळ गावही ठाऊक नसते, तिथे कोणाचा आजा कोणत्या लढाईत कामी आला हे केवळ भावकीच्या आठवणीवर सोपवून कसे भागेल?

स्मृती अशी परावलंबी राहिली म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. माणगाव तालुक्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील, यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. नाईक घाडगे वगळता तुकडीतील सारे जण ठार वा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्यावर गोळी झाडली, आणि नवी मॅगझीन चढवण्यास अवधी नसल्याने बंदुकीची नळी हाती धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी लोळवले. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण घेतला. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची समाधी मात्र कोठेच नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर, चार हजारांहून अधिक नावांत, त्यांचे नाव कोरलेले आहे.

आता आपल्या राजधानीकडे पाहू. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धाच्या काळातील सुमारे तेरा हजार नावे आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक या दोहोंच्या मधल्या पोकळीत पडला. त्या युद्धात भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती आणि सुमारे सत्त्याऐंशी हजार जण परतले नाहीत. एकट्या इटलीत मृत्यू पावलेल्यांची संख्या ५,७८२ आहे. तरीही राष्ट्राच्या या दोन प्रमुख स्मारकांपैकी एकावरही त्यांना जागा नाही.

याचे कारण उघड आहे. ते परक्या साम्राज्याच्या निशाणाखाली लढले. नाईक घाडगे पडले त्या दिवशी जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते आणि सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार त्याच सरकारशी झुंजत होते. स्वतंत्र भारताने आपले वीर दुसऱ्या बाजूला शोधले, हे स्वाभाविकच होते. परंतु राजवटीचा हेतू आणि सैनिकाचा हेतू एकच मानणे हा अन्याय आहे. कोकणातील तुटपुंजी भातशेती कुटुंबाला वर्षभर पुरत नसे. घराबाहेर पडणाऱ्या तरुणापुढे मुंबईची गिरणी आणि पलटण हे दोन ठळक मार्ग होते, आणि दोन्हीकडून येणाऱ्या मनिऑर्डरवर गावाकडची चूल पेटत होती. जो गिरणीत गेला त्याला आपण साम्राज्याचा पाईक म्हणत नाही. मग पलटणीत गेलेल्याच्या मरणाकडेच तेवढे संशयाने का पाहावे? शिवाय ज्या सत्तेविरुद्ध तो लढला ती फॅसिस्ट सत्ता होती, हेही विसरून चालणार नाही.

विस्मरणाचा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. मृत सैनिकांच्या नोंदी राखणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी, किंबहुना कोणत्याही प्रकारे, नोंद झाली नाही; त्यांत प्रामुख्याने पूर्व आफ्रिका व इजिप्तमधील लोक होते. ज्याची सत्ता त्याच्या सोयीने नावे टिकतात वा गळतात, असाच याचा अर्थ होतो.

त्या पार्श्वभूमीवर इटलीतील मोंतोने या गावाचे वर्तन लक्षणीय वाटते. जुलै २०२३ मध्ये तेथे यशवंत घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले गेले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य त्याच्याशी जोडलेले आहे. भाषा, धर्म, देश यांपैकी कोणतेच नाते नसलेल्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी हे ऋण मान्य केले. माणगावातही घाडगे यांचा पुतळा आहे. परंतु ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला नाही त्या हजारोंचे काय?

त्यांच्यासाठी पुतळ्यांची गरज नाही. गरज आहे ती नोंदवहीची. प्रत्येक गावात, मग तेथे ग्रामपंचायत असो वा नगरपालिका, अशी एक वही असावी: सैनिकाचे नाव, पलटण, मृत्यूची तारीख व ठिकाण, आणि घरच्यांनी सांगितलेली चार वाक्ये. युद्धसमाधी आयोगाच्या खुल्या नोंदींत कित्येक मृतांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला आढळतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घेता येईल. इतिहासाच्या वा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात एका तालुक्याचे काम सहज पेलावे. खर्च जवळजवळ शून्य. लागेल ती चिकाटी. आणि २६ जानेवारीला भाषणांच्या आधी शिक्षकांनी त्या वहीतील नावे केवळ मोठ्याने वाचावीत.

कबनूरच्या शाळेतील ज्या मुलाचे कुटुंब कालपरवा मागावर काम करण्यासाठी येथे आले, तोही मग त्या नावांचा वारस ठरेल. राज्यकर्ते बदलतात, त्यांच्याबरोबर स्मारकांच्या व्याख्याही बदलतात. गावाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव मात्र कोणाच्याही व्याख्येवर अवलंबून राहत नाही.