ग्रामीण महाविद्यालयातील युवकांचे मानसिक आरोग्य आणि प्राध्यापकांची भूमिका

प्रस्तावना :
पुरुषाने रडू नये, दुःख बोलून दाखवू नये, हा संस्कार आपल्याकडे मुलांवर बालपणापासून होत असतो. त्याचे परिणाम आकडेवारीत दिसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या १३,०४४ विद्यार्थ्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. प्रस्तुत लेखात शिक्रापूर परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
शिक्रापूर हे पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील गाव असून सणसवाडी व रांजणगाव ही औद्योगिक क्षेत्रे जवळच आहेत. शिरूर व दौंड तालुक्यांतून येणारा विद्यार्थी अनेकदा रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसतो. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी घरची शेती सांभाळतो. घराची अपेक्षा त्याच्यावर, परंतु ती पेलवत नाही हे सांगण्याची मुभा त्याला नाही. त्यामुळे त्याचे नैराश्य पुष्कळदा दुःखाच्या रूपात प्रकट होत नाही. गैरहजेरी, चिडचिड, भांडणे, व्यसन, मित्रांपासून तुटणे अशी त्याची रूपे असतात. आपण ती बेशिस्त समजून हजेरीची नोटीस देतो आणि मदतीची पहिली संधी तेथेच निसटते.

उपलब्ध तरतुदी :
मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. म्हणजे तिला शिक्षेची नव्हे, उपचारांची गरज असते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असलेली 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.

प्राध्यापकांची भूमिका :
'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली म्हणून मुलगा आत येईलच असे नाही. कोणी पाहील ही भीती त्याला असते. म्हणून संवाद त्याच्यापर्यंत न्यावा लागतो. मैदानावर वा एसटीची वाट पाहताना "हजेरी का कमी?" याऐवजी "हल्ली झोप होते का रे? घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारावे. उत्तर ऐकताना उपदेश टाळावा. धोका जाणवल्यास जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने असे विचार मनात रुजत नाहीत, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. अशा वेळी त्यास एकटे न सोडता तज्ज्ञांकडे न्यावे. प्राध्यापकाने स्वतः उपचारक होऊ नये. तो दुवा असतो.

समवयस्क मित्रांचाही उपयोग होतो. मुंबईच्या 'मावा' या पुरुषांच्या संस्थेने २००६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सहकार्याने 'युवा मैत्री' उपक्रम सुरू केला. युवकांना पुरुषत्वाच्या रूढ कल्पनांविषयी मोकळेपणाने बोलते करणे, हा त्याचा गाभा होता. आपल्या महाविद्यालयांतील सेवा योजना विभागासही असे गट चालवता येतील.

समारोप :
कायदा व न्यायालय यांनी चौकट दिली आहे. ती कागदावर राहू नये यासाठी हजेरीपटाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलणे आवश्यक आहे. सलग गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे फुली मारण्यापूर्वी त्याची एकदा विचारपूस करणे, येथूनच या कार्याचा प्रारंभ होऊ शकतो.