सेव्ह फाईल आपलीच, मग बदलली तर बिघडलं कुठे?

एकट्याने खेळायचा अवघड गेम. बॉस काही केल्या हरत नाही. अशा वेळी सेव्ह फाईल उघडून एखादा आकडा वाढवला, तर ती फसवणूक होते का? गेम बनवणाऱ्यांपासून न्यायाधीशांपर्यंत अनेकांना या प्रश्नाने कामाला लावलंय. त्यातल्या या काही भन्नाट गोष्टी!

९९चे झाले ६३!
फाईलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ते दहाच्या नव्हे, सोळाच्या हिशेबाने दिसतात. झोळीत ९९ औषधं असतील, तर तिथे ६३ दिसू शकतं (६ गुणिले १६, अधिक ३). फाईलमधली ढवळाढवळ पकडायला बरेच गेम पडताळणीची एक संख्या, म्हणजे चेकसम, ठेवतात. ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’मध्ये ती जुळली नाही, की अख्खी फाईल बाद!

बनवणाऱ्यालाच जड गेला
कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ घरच्या कन्सोलवर आणत होते. तपासताना गेम त्यांनाच झेपेना. मग ठरावीक क्रमाने बटणं दाबली की जवळजवळ सगळी शस्त्रं मिळतील, अशी सोय त्यांनी करून घेतली. तोच जगप्रसिद्ध कोनामी कोड! ‘काँट्रा’मध्ये तो ३० लाईफ देतो.

सवलत घ्या, स्कोअर सोडा
१९८७ च्या ‘नेटहॅक’मध्ये सेव्ह उघडली की ती फाईल पुसली जाते, मेलात की पुन्हा श्रीगणेशा. फाईलची कॉपी बाजूला ठेवून मरण टाळण्याला खेळाडू सेव्ह-स्कमिंग म्हणतात. पण याच गेमच्या एक्सप्लोअर मोडमध्ये मरण नाकारता येतं. फक्त स्कोअर यादीत लागत नाही. याहून रोखठोक न्याय मला माहीत नाही.

गेम विसरत नाही
‘अंडरटेल’मध्ये (२०१५) सगळ्यांना मारून नवा डाव मांडला, तरी जुनी करणी पाठ सोडत नाही. फाईल बदलून अशक्य शेवट गाठलात, तर सान्स हे पात्र तुम्हाला सरळ हॅकर ठरवतं.

प्रकरण कोर्टात
‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये आपल्या पात्राचे गुण वाढवत नायिकेचं मन जिंकायचं असतं. हे गुण आधीच वाढवलेली मेमरी कार्डं बाजारात आली. त्यामुळे मूळ कथाच बदलते आणि निर्मात्याच्या हक्कावर घाला येतो, असा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. २०२१ मध्ये ‘झेल्डा’च्या बदललेल्या सेव्ह विकणाऱ्याला तिथे अटकही झाली. युरोपात मात्र सोनी विरुद्ध डेटेल खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळा कौल लागला: कोडला हात न लावता चालू गेमचे मेमरीतले आकडे बदलले, तर कॉपीराइट मोडत नाही.

सवलत गेममध्येच
‘सेलेस्ट’च्या (२०१८) असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो, अमरही होता येतं. ‘हेडीज’चा (२०२०) गॉड मोड आधी २० टक्के मार वाचवतो आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, थेट ८० टक्क्यांपर्यंत. ज्यांची बोटं साथ देत नाहीत, त्यांनाही गोष्ट शेवटपर्यंत अनुभवता येते. हे मला फार मोलाचं वाटतं.

मग बरोबर काय?
घरी एकट्याने खेळताना आकडा वाढवला, तर कोणाचं काही जात नाही. दिवसभर राबून रात्री तासभर खेळणाऱ्याने तो खुशाल वाढवावा. तीच फाईल ऑनलाइन लढतीत उतरली किंवा तिच्या जोरावर विक्रम मिरवला, तर मात्र प्रामाणिक खेळाडूच्या मेहनतीवर पाणी पडतं. म्हणून मूळ फाईलची कॉपी ठेवा, नेट बंद करा आणि कोणी विचारलं, तर खरं सांगा.