कोणते जाधव?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजात हजेरी घेताना नुसते ‘जाधव’ पुकारून भागत नाही. एकदम चार आवाज ‘हजर’ म्हणतात. साहजिकच आहे. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. लखुजी जाधवरावांचा वाडा तिथे, त्यांची भव्य समाधी तिथे, आणि १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला तोही तिथेच.

हे घराणे आपले मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडते. मराठीच्या मास्तराला त्याचे नवल वाटत नाही. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला. तसेच लोकांच्या तोंडी रुळता रुळता यादवांचे जाधव झाले.

पण आडनावाबरोबर वागणूकही वारशाने येते म्हणावे, तर तसे नाही. याच वंशातले सेनापती धनाजी जाधव मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजले. त्यांचे चिरंजीव चंद्रसेन मात्र शाहू महाराजांची बाजू सोडून पुढे निजामाला मिळाले. एका पिढीत ही गत!

शिवाय जाधव काही सिंदखेडचेच नव्हेत. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. ‘आमचा बाप आन् आम्ही’ लिहिणारे अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव दलित कामगाराचे पुत्र. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या दोघांना मोठे केले ते आडनावाने नव्हे. उलट, त्यांनीच आडनावाला मोठेपण दिले.

एवढ्या ऐसपैस आडनावाखाली किती जातींची माणसे नांदतात! तरीही ‘जाधव’ ऐकले की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: “कोणते जाधव?” विचारणाऱ्याला इतिहास नको असतो, जात हवी असते.

माझा एक विद्यार्थी तालुक्याच्या गावी खोली बघायला गेला. भाडे ठरले, किल्ली हातात आली, आणि घरमालकांनी तो प्रश्न केला. मुलाने खरे ते सांगितले. किल्ली परत मागितली गेली. मला म्हणाला, “सर, ‘सिंदखेडचे’ म्हटलं असतं तर खोली मिळाली असती. पण मग रोज खोटं बोलून त्या घरात राहायचं कसं?”

वाचकहो, दिवाळीत नवी माणसे घरी येतील, ओळखी होतील. कोणी ‘जाधव’ म्हणाले, तर तो पुढचा प्रश्न गिळून टाका. फराळाचे ताट पुढे करा, आणि विचारायचेच असेल तर एवढेच विचारा: “सध्या काय करता?”