प्रकरणाचा नकाशा, यंत्रासाठी

जुन्नर-आंबेगाव भागात ऊसतोड चालू आहे, अशी कल्पना करा. फडाच्या मध्यावर, पाचटात, बिबट्याची दोन पिल्ले दिसतात. कोयते थांबतात. मुकादम वन विभागाला फोन करतो. आता पुढे काय काय करावे लागेल, आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गुऱ्हाळाचे काम घ्या. रस काढा, गाळा, कढवा, साच्यात ओता. हा क्रम कधी बदलत नाही. अशा कामाचे प्रवाहचित्र काढता येते. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामाच्या टप्प्यांची अशी चित्रे १९२१ साली अमेरिकेत अभियंत्यांपुढे मांडली होती. पण पिल्लांच्या बाबतीत तसे नाही. मादी जवळच असेल किंवा नसेल. पिल्लू आजारी असेल किंवा धडधाकट. बघ्यांची गर्दी जमेल किंवा जमणार नाही. येथे क्रम आधी ठरत नाही, घडणाऱ्या घटना तो ठरवतात. अशा कामाला ‘प्रकरण’ म्हणतात. डॉक्टरांकडचा रुग्ण, कोर्टातला दावा, ही सारी प्रकरणेच होत.

प्रकरणाला सरळ रेषेत बसवले तर काय होते, याचा धडा याच जुन्नर भागाने दिला आहे. ‘बिबट्या पकडा आणि दूर जंगलात सोडा’ हा नियम किती साधा आणि बिनचूक वाटतो! फेब्रुवारी २००१ पासून येथे ही मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. त्याआधी, १९९३ पासून, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. त्यानंतर २००३ पर्यंतच्या काळात ही सरासरी १७ वर गेली. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिबटे हलवण्यामुळेच हल्ले वाढले असावेत, असा त्यांचा निर्वाळा होता. बाण बरोबर काढले होते, पण चित्रच चुकीचे होते.

मग प्रकरणाचे चित्र कसे काढायचे? त्यासाठी ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २०१४ साली एक चिन्हलिपी जाहीर केली. तिचे नाव केस मॅनेजमेंट मॉडेल अँड नोटेशन, थोडक्यात सीएमएमएन. तिच्यात संपूर्ण प्रकरण म्हणजे एक फाइल. काम दाखवायचे ते गोल कोपऱ्यांच्या चौकटीने. चौकट तुटक रेषेची असेल, तर ते काम करायचे की नाही हे जबाबदार माणूस ठरवतो. गाठलेला टप्पा दोन्ही टोकांना गोल असलेल्या पट्टीने दाखवतात. आणि कामाच्या कडेवर एक छोटा चौकोन टोकावर उभा असतो. तो पहारेकरी! पोकळ असेल तर आत सोडणारा, काळा भरलेला असेल तर काम थांबवणारा.

हा पहारेकरी समजायला विजेचे मंडल आठवा. एका पहारेकऱ्याच्या सर्व अटी म्हणजे एकसरीत जोडलेली बटणे. ‘सायंकाळ झाली’ आणि ‘पिल्ले निरोगी आहेत’, ही दोन्ही बटणे दाबली गेली तरच ‘पिल्ले खोक्यात घालून सापडल्या जागी ठेवणे’ हा दिवा लागेल. एकाच कामावर असे दोन पहारेकरी असतील, तर ती समांतर जोडणी. दोहोंपैकी कोणीही सोडले तरी काम सुरू होते.

आता आजच्या काळाकडे येऊ. असे नकाशे तयार करणारी संगणकीय साधने आहेत. ती साधने वापरणारा कर्मचारी आजवर माणूसच होता. परंतु दिलेले उद्दिष्ट साधण्यासाठी स्वतः पायऱ्या ठरवून साधने चालवणाऱ्या आज्ञावली आता आल्या आहेत. त्यांना एआय एजंट म्हणतात. त्यांच्यासाठी साधनाची माहितीपुस्तिका कशी लिहावी?

माणसाला ‘पिल्ले सुरक्षित ठिकाणी न्यावीत’ एवढे पुरते. या भागातला अनुभवी वनरक्षक जाणतो, की पिल्लांना सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे जेथे आई शोधायला येईल तीच. एजंटला हा अनुभव नाही. तो ‘सुरक्षित’ शब्द वाचेल आणि नकाशात ‘पिल्ले बचाव केंद्रात हलवणे’ ही चौकट घालून मोकळा होईल. मग रात्री पिल्लांच्या शोधात फिरणारी मादी कोणाच्या वस्तीवर येईल, हा विचार कोण करणार?

म्हणून पुस्तिकेत प्रत्येक चिन्हासाठी पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात. एक, हे चिन्ह नेमके काय करते. दोन, त्याला कोणती माहिती लागते व कोणत्या एककात. नुसते ‘अंतर’ नव्हे, ‘अंतर, मीटरमध्ये’. तीन, ते केव्हा वापरू नये. चार, माहिती अपुरी असेल तर अंदाज न बांधता कोठे थांबावे. पाच, निर्णय कोणाचा. उदाहरणार्थ, बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडायचे तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. ‘पिंजरा लावणे’ या चौकटीवर परवानगीची अट नसेल, तर साधनाने तो नकाशा स्वीकारूच नये, आणि पुस्तिकेने त्याचे कारण सांगावे. शिवाय तुटक रेषेचा अर्थ केवळ चित्रात दाखवून भागत नाही, तो शब्दांत लिहावा लागतो. कारण पुष्कळदा एजंट चित्र पाहत नाही, त्यामागची लिखित नोंद वाचतो.

तुमच्या लक्षात आले असेल, की चांगली पुस्तिका लिहिताना आपल्याला स्वतःचेच ज्ञान तपासावे लागते. जे ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून आपण बोलत नाही, तेच यंत्राला सांगायचे असते.

एक प्रयोग करून पाहा. ‘मैदानावर एक विद्यार्थी चक्कर येऊन पडला’ हे प्रकरण घ्या. कामे, अटी, टप्पे आणि निर्णय कोणाचा, असे चार रकाने आखून भरा. मग ते कागद दुसऱ्या वर्गातल्या मुलाला द्या आणि सांगा, लिहिले आहे तेवढेच कर, पदरचे काही घालू नकोस. तो जेथे अडेल किंवा भलतेच करील, तेथे तुमच्या नकाशात एक पहारेकरी कमी आहे!