गुपिताचे थेट प्रक्षेपण

दूरचित्रवाणी मालिकांच्या बाबतीत थेट प्रक्षेपण ही आधी निव्वळ गरज होती, पुढे ती टाळण्याजोगी अडचण ठरली आणि काही दशकांनी तीच अडचण वर्धापनदिनाचे निमित्त साधून हौसेने ओढवून घेतली जाऊ लागली. हा प्रवास ब्रिटनमधील ‘सोप’ मालिकांच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे दिसतो. सोप म्हणजे एखाद्या वस्तीतील कुटुंबांची वर्षानुवर्षे चालणारी, शेवट ठरलेला नसलेली मालिका. अमेरिकेत नभोवाणीच्या काळात साबण कंपन्यांनी अशा मालिकांचा खर्च उचलल्यामुळे पडलेले हे नाव, जाहिराती न दाखवणाऱ्या बीबीसीच्या मालिकांनाही पुढे बिनदिक्कत चिकटले.

मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीने ९ डिसेंबर १९६० रोजी टोनी वॉरन यांची ‘कोरोनेशन स्ट्रीट’ सुरू केली, तेव्हा शुक्रवारचा भाग थेट दाखवला जाई आणि तो संपताच त्याच चमूकडून सोमवारचा भाग ध्वनिचित्रफितीवर मुद्रित केला जाई. त्या काळची फीत महाग असे आणि तिचे संकलन करायचे तर ती प्रत्यक्ष कापून जोडावी लागे, त्यामुळे नाटकासारखा एका दमात प्रयोग करणे हाच स्वस्त मार्ग होता. हे चक्र काही महिन्यांतच बदलले आणि मालिका पूर्णपणे मुद्रित होऊ लागली. अमेरिकेत मात्र ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही १९५६ साली सुरू झालेली मालिका १९७५पर्यंत थेटच होत राहिली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळीबार झाल्याचे वृत्त याच मालिकेत व्यत्यय आणून देण्यात आले आणि बाहेर काय घडले याची गंधवार्ता नसलेले कलाकार आपला प्रवेश पुढे करत राहिले.

मुद्रण सोयीचे झाल्यावर प्रक्षेपणाच्या कित्येक आठवडे आधी चित्रीकरण उरकण्याची पद्धत रूढ झाली. भागांचा असा साठा हाताशी असला, की कलाकाराचे आजारपण, संहितेतील फेरफार किंवा फसलेला प्रसंग हे सारे निभावून नेता येते, आणि म्हणूनच मराठी मालिकांच्या निर्मात्यांनाही ‘बँक’ आटली की धडकी भरते. थेट भाग करायचा म्हणजे ही सारी पुंजी एका संध्याकाळपुरती बाजूला ठेवायची. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ने चाळिसाव्या वाढदिवशी, डिसेंबर २०००मध्ये, हे धाडस केले; रस्त्यावरचे जुने दगड वाचवण्यासाठी रहिवाशांनी उभारलेला लढा हा त्या भागाचा विषय होता आणि तत्कालीन युवराज चार्ल्स यांनीही त्यात क्षणभर दर्शन दिले. भाग निर्विघ्न पार पडला, कौतुकही झाले. परंतु दगड राहिले काय किंवा उखडले काय, त्यासाठी नेमक्या त्याच मिनिटाला पडद्यासमोर असणे कोणालाही अपरिहार्य नव्हते.

ही उणीव भरून काढली ती ‘ईस्टएंडर्स’ने. ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड यांनी निर्माण केलेली बीबीसीची ही मालिका १९ फेब्रुवारी १९८५ रोजी सुरू झाली. पूर्व लंडनमधील वॉलफर्ड हा काल्पनिक भाग, त्यातील अल्बर्ट स्क्वेअर हा चौक आणि चौकातील ‘क्वीन व्हिक’ ही मद्यशाला एवढाच तिचा भूगोल, आणि हा सारा भूगोल प्रत्यक्षात लंडनच्या वेशीबाहेर, बोरहॅमवुड येथील बीबीसीच्या आवारात उभारलेला आहे. चौक उघड्यावर आणि घरांचे अंतर्भाग बंदिस्त स्टुडिओत, अशी तेथील विभागणी असल्यामुळे थेट भागात कलाकारांना एका प्रवेशातून दुसऱ्या प्रवेशात जाताना अक्षरशः धावपळ करावी लागणार होती.

‘ईस्टएंडर्स’च्या पंचविशीच्या, म्हणजे फेब्रुवारी २०१०मधील थेट भागाची पायाभरणी २००९च्या नाताळात झाली. लॅरी लॅम्ब यांनी रंगवलेला आर्ची मिचेल हा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सारखाच छळणारा गृहस्थ क्वीन व्हिकमध्ये एकटा असताना कोणीतरी गुत्त्यावरचा राणी व्हिक्टोरियाचा अर्धपुतळा त्याच्या डोक्यात घातला. मारणारा हात प्रेक्षकांना दिसला नाही. आर्चीच्या मुली, पूर्वपत्नी पेगी, तिचा मुलगा फिल, जनीन, इयन बील, ज्याच्यावर संशय घ्यावा त्याच्याकडे सबळ कारण होते, आणि सुमारे आठ आठवडे वृत्तपत्रांनी या तर्कवितर्कांवर आपले रकाने भरले. लेखकांनी येथे एक धूर्त गोष्ट केली होती: सर्वांना नकोसा झालेला माणूस मारल्यामुळे शोक करण्यात वेळ जाणार नव्हता, सारे कुतूहल खुन्याच्या नावावर एकवटणार होते.

हे नाव कलाकारांपासूनही लपवून ठेवण्यात आले. स्टेसी ही तरुणी साकारणाऱ्या लेसी टर्नर यांना खुनी आपणच आहोत हे प्रक्षेपणाला जेमतेम अर्धा तास उरला असताना सांगण्यात आले. थेट भागाच्या यंत्रणेत ही बाब वरवर वाटते तेवढी साधी नाही. अशा भागात नियंत्रण कक्षातील दिग्दर्शकासमोर सर्व कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी दिसत असतात आणि त्यांतील कोणते चित्र कोणत्या वाक्यावर बाहेर जावे हे आधीच आखून ठेवलेल्या कॅमेरा संहितेनुसार, ‘व्हिजन मिक्सर’ म्हणून ओळखला जाणारा तंत्रज्ञ बटणे दाबून अमलात आणतो. म्हणजेच हालचाली, प्रकाश, ध्वनी यांची तालीम अनेक वेळा करायची आणि तरीही ज्या वाक्यासाठी हा खटाटोप, ते वाक्य मात्र झाकून ठेवायचे, असा हा पेच होता.

प्रत्यक्ष भागात स्टेसी आणि ब्रॅडली यांच्या नुकत्याच झालेल्या पुनर्विवाहाची मेजवानी चालू असते. पोलिसांचा संशय ब्रॅडलीवर येतो, तो पळतो, क्वीन व्हिकच्या छपरावर चढतो आणि तोल जाऊन कोसळतो. त्याच्या मृतदेहाजवळून स्टेसीला बाजूला नेणाऱ्या सासऱ्याला, मॅक्सला, ती मोडक्या शब्दांत सांगते की आर्चीला तिनेच मारले. लगोलग प्रत्येक भागाच्या अखेरीस वाजणारे ढोलाचे ओळखीचे ठोके पडतात. मॅक्सच्या भूमिकेतील जेक वुड यांना त्यावर एकही वाक्य नव्हते, केवळ चेहरा होता, आणि तो चेहरा त्या अर्ध्या तासातील सर्वोत्तम अभिनय ठरतो.

बाकी अभिनयाविषयी इतके उदार होणे कठीण आहे. काही वाक्ये अडखळली, काही घाईत गिळली गेली, आणि छपरावरच्या पाठलागात मुद्रित भागाइतकी सफाई नव्हती. तरीही सर्वोच्च क्षणी सुमारे १ कोटी ६६ लाख लोक हा भाग पाहत होते. त्यांना खिळवून ठेवणारी गोष्ट कलाकार चुकतील ही धास्ती नव्हती; ज्या गुपिताचा मुद्रित पुरावा अद्याप कोठेच अस्तित्वात नाही, आणि म्हणून जे फुटूही शकत नाही, ते सर्वांना एकाच क्षणी कळणार होते. फीत आगाऊ तयार असती, तर नाव आदल्या दिवशीच छापून येण्याचा धोका होता.

नंतरच्या थेट भागांकडे या कसोटीने पाहिले, की फरक ध्यानात येतो. त्याच वर्षी ९ डिसेंबरला ‘कोरोनेशन स्ट्रीट’ने पन्नाशीचा तासाभराचा थेट भाग केला, पुलावरून ट्राम कोसळण्याचे दृश्य आधीच चित्रित करून दाखवले होते, त्यामुळे थेट भागाच्या वाट्याला ढिगारा, जखमी आणि मरणाऱ्या मॉलीने दिलेली कबुली एवढेच आले, आणि तो कबुलीचा प्रवेशच लक्षात राहिला. ‘एमरडेल’ने ऑक्टोबर २०१२मध्ये चाळिशी साजरी करताना दोन विवाह, दोन जन्म आणि एक मृत्यू एका तासात कोंबले, ही नाट्यापेक्षा वेळापत्रकाची कसरत होती. ‘ईस्टएंडर्स’च्या तिशीत, फेब्रुवारी २०१५मध्ये, ल्युसी बीलचा खुनी म्हणून तिच्याच धाकट्या भावाचे नाव उघड झाले, परंतु लोकांच्या ओठी राहिली ती जो जॉयनर यांची चूक, कारण इयनची विचारपूस करताना त्यांच्या तोंडून त्या नटाचे खरे नाव, ॲडम, निघून गेले. चाळिशीला, फेब्रुवारी २०२५मध्ये, डेनिस या पात्राने दोन पुरुषांपैकी कोणाला निवडावे हे प्रेक्षकांच्या मतांवर सोडण्यात आले. या मतदानात गंमत होती, पण गुपित नव्हते. जे लेखकालाच ठाऊक नाही, ते तो लपवणार तरी काय? मराठी वाहिन्यांवरील ‘महाएपिसोड’ही वेळेची लांबी वाढवतात, उत्कंठेची नव्हे, ही तुलना येथे ओघानेच सुचते.

२०१०च्या भागाची आणखी एक जमेची बाजू अशी, की त्याने कथानक संपवले नाही. पोलिसांनी मृत ब्रॅडलीलाच खुनी मानले, सत्य सुरुवातीला मॅक्स आणि स्टेसी यांच्यापुरतेच राहिले, त्या वर्षअखेरीस टर्नर मालिकेतून बाहेर पडल्या आणि २०१४ साली त्या परतल्या, तेव्हाच स्टेसीला त्या खुनासाठी तुरुंगात जावे लागले.