चिकटद्रव्याची योग्य निवड
कार्यानुभवाच्या तासाला मुलाने परिश्रमपूर्वक तयार केलेली वस्तू चार दिवसांत उकलली, तर दोष बहुधा त्याच्या हातांचा नसतो. चिकटद्रव्याच्या निवडीचा असतो.

जोडावयाचा पदार्थ पाणी शोषतो की नाही, हे प्रथम पाहावे. कागद व पुठ्ठा यांस मैद्याची खळ पुरते. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी कापडास चिंचोक्याची खळ देण्याची परंपरा आहे. लाकडासाठी सरस किंवा पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा पांढरा गोंद वापरावा. या गोंदातील पाणी लाकडात मुरल्यावर सांधा पक्का होतो. म्हणून तोवर तो दाबून ठेवणे आवश्यक असते. काच व धातू पाणी शोषत नाहीत. तेथे दोन घटक मिसळून वापरावयाचे इपॉक्सी उपयोगी पडते. चामडे व रबर यांच्या दोन्ही बाजूंना रबर सोल्यूशन लावून, ते किंचित सुकल्यावर भाग जोडावेत.

सोल्यूशनची वाफ ज्वालाग्राही व आरोग्यास अपायकारक असते, तर इपॉक्सी त्वचेस बाधू शकते. ही दोन्ही द्रव्ये शिक्षकांनी स्वतः, खेळत्या हवेत व विस्तवापासून दूर हाताळावीत. मुलांच्या हाती खळ व पांढरा गोंद द्यावा. शाळेसाठी साहित्य खरेदी करताना संबंधितांनी हा भेद ध्यानी घेतल्यास मुलांचे श्रम वाया जाणार नाहीत आणि त्यांची प्रकृतीही सुरक्षित राहील.