दुखतंय? मग बरंय!

दोस्तांनो, शाळेतून येताना ठेच लागली, अंगठ्याचं नख उखडलं, की तोंडून काय निघतं? "आई गं!" मग घरी आल्या आल्या आईच्या मागे भुणभुण सुरू, "काहीतरी लाव ना, हे दुखायचं थांबव!" अशा वेळी कुणी देवदूत समोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाळ, तुला यापुढे कधी दुखणारच नाही, असा वर देऊ?" तर तुम्ही एका पायावर तयार व्हाल. (दुसऱ्या पायाचा अंगठा ठणकत असतो ना!)

पण जरा थांबा. असा 'वर' ज्यांना खरोखरच मिळाला, त्यांची हकिकत आधी ऐका. मग ठरवा, घ्यायचा की नाही ते.

गंजलेलं कुलूप

तामिळनाडूत वेल्लोर नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली एक तरुण सर्जन कामाला आले. त्यांचं नाव डॉ. पॉल ब्रँड. आईवडील इंग्रज, पण ब्रँड यांचा जन्म तामिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरातला, १९१४ सालचा. डॉक्टर होण्याआधी त्यांनी काही वर्षं बांधकाम आणि सुतारकाम शिकण्यात घालवली होती. हे सुतारकाम लक्षात ठेवा हं, पुढे उपयोगी पडणार आहे.

एके दिवशी ब्रँड एका कोठीचं कुलूप उघडत होते. कुलूप गंजलेलं. किल्ली काही केल्या फिरेना. तेवढ्यात दहा-बारा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा पुढे आला. "द्या इकडे," म्हणाला, आणि त्यानं खटकन किल्ली फिरवली! ब्रँड चकित झाले. एवढ्याशा पोरात एवढी ताकद? मग त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. त्यांनी मुलाचा हात उघडून पाहिला. किल्लीच्या धारेनं बोट पार हाडापर्यंत कापलं गेलं होतं. आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता!

त्या मुलाला कुष्ठरोग होता. त्याच्या हाताला दुखणं कळतच नव्हतं. तुम्ही-आम्ही किल्ली फिरवताना बोट दुखायला लागलं की जोर कमी करतो. त्याला 'पुरे' असं सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

बोटं जातात कुठे?

कुष्ठरोगात हातापायांची बोटं 'झडून जातात', असं लोक शेकडो वर्षं मानत आले. मांस आपोआप सडतं, त्याला इलाज नाही, अशी समजूत होती. डॉक्टरसुद्धा याला अपवाद नव्हते. ब्रँड यांना मात्र हे पटेना. कारण या रुग्णांच्या जखमांवर नीट उपचार केले, तर त्या इतरांसारख्याच भरून येत होत्या. मग मांस वाईट कसं म्हणायचं?

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तहेरासारखा तपास सुरू केला. प्रत्येक नव्या जखमेचं कारण शोधायचं! हळूहळू उत्तरं मिळू लागली. कुणी चुलीवरचं तापलेलं भांडं नुसत्या हातानं उचललेलं असे. कुणाच्या कुदळीच्या दांड्याला बारीक खिळा वर आलेला असे. कुणाच्या चपलेत खडा असे, आणि तो तसाच दिवसभर चाललेला असे.

पण एक कोडं सुटेना. काहीजण रात्री धड बोटांनी झोपत आणि सकाळी उठत, तर बोटाचा तुकडा गायब! शेवटी रात्री पहारा ठेवला, तेव्हा चोर सापडला. उंदीर! रात्री उंदीर येऊन बोट कुरतडत, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नसे. यावरचा उपाय साधा होता. घरी जाणाऱ्या रुग्णांना औषधाबरोबर एक मांजरही मिळू लागलं!

म्हणजे बोटं आपोआप झडत नव्हती. दुखत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा जखमा होत. त्या चिघळत, जंतू आतवर जात आणि हाडंही झिजत. दुखणं हा शरीराचा रखवालदार आहे. तो पळून गेला होता आणि घर लुटलं जात होतं.

कोपराला बसलेला शॉक

हा रखवालदार पळतो कसा? करून बघा. टेबलाच्या कडेला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तिथं हाडाला चिकटून कातडीच्या अगदी जवळून एक मज्जातंतू जातो. मज्जातंतू म्हणजे शरीरातल्या टेलिफोनच्या तारा. काही तारा 'भाजलं!', 'टोचलं!' अशा खबरा मेंदूला पोचवतात, तर काही मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेतात.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधले. या जंतूंना शरीरातली थंड जागा आवडते. म्हणून कोपर, मनगट, गुडघा, घोटा अशा ठिकाणी कातडीलगत असणाऱ्या तारांवर त्यांचा डोळा असतो. तार बिघडली की दोन्हीकडची वाहतूक बंद. खबर जात नाही, त्यामुळे दुखत नाही. हुकूम येत नाही, त्यामुळे स्नायू लुळे पडतात.

आता डाळभाताचा घास उचलताना स्वतःचा हात बघा. बोटं मुळाशी वाकतात, पण पुढे बरीचशी सरळ राहतात. ही कसरत तळहातातले छोटे स्नायू करतात. तेच लुळे पडले, तर बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळतात. मग घास घेता येत नाही, पेला धरता येत नाही, सदऱ्याचं बटण लावता येत नाही.

दोर बदलला!

१९४७ साली ब्रँड चेंगलपट्टू इथलं कुष्ठरुग्णालय बघायला गेले. तिथं त्यांनी अशा वाकड्या बोटांच्या एका माणसाला सांगितलं, "माझा हात दाब बघू." आणि त्या माणसानं असा काही हात आवळला की ब्रँड कळवळले! त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हात वाकडा आहे, पण त्यात ताकद तर भरपूर आहे! ती आली कुठून?

पुन्हा एक प्रयोग. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग पकडा आणि उजव्या हाताची मूठ उघड-मीट करा. आत काहीतरी सरकतंय ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच मुळी, ते तिथं वर असतात. तिथून लांब, चिवट दोर मनगटावरून बोटांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखे. या दोरांना कंडरा म्हणतात. वरच्या या स्नायूंना हुकूम देणाऱ्या तारा शरीरात खोलवर, उबदार जागी असतात. तिथं जंतूंचं फारसं चालत नाही. म्हणून हे स्नायू शाबूत राहतात.

आणि गंमत म्हणजे अंगठा सोडला, तर प्रत्येक बोट वाकवायला निसर्गानं एक नाही, दोन कंडरा दिल्या आहेत. मग त्यातली एक दुसऱ्या कामाला लावली तर? ब्रँड यांच्या हातातला सुतार जागा झाला. त्यांनी सशक्त स्नायूची कंडरा सोडवली, नव्या वाटेनं नेली आणि लुळ्या स्नायूंचं काम करेल अशा जागी शिवली. कुष्ठरोग्यांच्या हातांवर अशा शस्त्रक्रिया पद्धतशीरपणे सुरू करणाऱ्या जगातल्या पहिल्या डॉक्टरांत त्यांचं नाव घेतलं जातं.

खरी परीक्षा पुढेच

शस्त्रक्रिया झाली, की संपलं? छे! इथून पुढे खरी शाळा सुरू होते. काही आठवडे हात प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघालं की समोर उभे राहतात फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामोपचार करणारे.

अडचण अशी, की दोर बदललाय हे मेंदूला ठाऊकच नसतं! मेंदू जुनाच हुकूम सोडतो, 'वाक!', आणि बोट पुढून सरळ होतं. घरातल्या दिव्यांची बटणं रातोरात कुणी बदलून टाकली, तर आपली कशी तारांबळ उडेल, तशीच ही गत. मग रोज सराव. एकच हालचाल पुन्हा पुन्हा. आधी नुसतं बोट हलवायचं, मग मऊ मेण किंवा मातीचा गोळा दाबायचा, मग पेला धरायचा, मग बटण लावायचं. तुम्ही सायकल शिकलात तेव्हा आधी पडलात, धडपडलात आणि एक दिवस न बघता चालवायला लागलात, तसंच. हाड मोडल्यावर, पोलिओनंतर किंवा अर्धांगवायूनंतर जो व्यायाम करून घेतात, त्यातही हीच चिकाटी लागते. कंटाळून सोडलं, तर सर्जननं केलेली मेहनत फुकट जाते.

एक गोष्ट मात्र शस्त्रक्रियेनं परत येत नाही. ती म्हणजे गेलेलं दुखणं. त्यामुळे या माणसांना दुखण्याचं काम डोळ्यांकडून करून घ्यायला शिकवतात. रोज रात्री हातपाय निरखायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं. गरम भांडं फडक्यानंच धरायचं. पायात मऊ रबराच्या खास चपला घालायच्या.

हात मिळाले, पण काम?

ब्रँड यांचा एक रुग्ण बरा होऊन, हात सरळ करून घेऊन बाहेर पडला. पूर्वी तो भीक मागायचा. काही दिवसांनी परत आला, तो हिरमुसलेला. या हातांनी आता भीक मिळत नाही, अशी त्याची तक्रार! वाकडे हात बघून लोक पैसे टाकायचे. आता हात सरळ दिसतात, पण कुष्ठरोगी म्हणून कुणी कामही देत नाही, कुणी जागाही देत नाही.

ब्रँड यांना मोठा धडा मिळाला. हात दुरुस्त केला म्हणजे माणूस उभा राहिला, असं होत नाही. मग वेल्लोरला 'नवजीवन केंद्र' सुरू झालं. तिथं रुग्ण सुतारकाम शिकले, लाकडी खेळणी बनवू लागले, स्वतःच्या पायावर उभे राहिले. पुनर्वसन हा जड शब्द तुम्ही पेपरात वाचता ना? त्याचा अर्थ हा. आधी औषध, मग शस्त्रक्रिया, मग व्यायाम, आणि शेवटी काम आणि मान.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडलं. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कुष्ठरोगानं पीडित असलेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा खुद्द गांधीजींनी केली. वरोड्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं, त्यांनीच शेती फुलवली, हातमाग चालवले. पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया या प्लास्टिक सर्जननी रुग्णांचे वाकडे हात आणि बिघडलेले चेहरे सुधारले.

तुम्ही काय कराल?

कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो. १९८२ पासून त्यावर एकत्र दोन-तीन औषधांचा उपचार आहे. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषध सुरू झालं की रोग दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच संपते. हात मिळवला, शेजारी बसलं म्हणून तो होत नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला हरवण्याची ताकद मुळातच असते. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, आणि त्यांत मुलंही असतात. कारण लोक भीतीनं, लाजेनं लपवतात. लपवण्यात वेळ जातो, आणि त्या वेळात मज्जातंतू जातो.

म्हणून हे लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेक चट्टे साधेच निघतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आणि एक काम आज रात्रीच करा. तुमच्या आजी-आजोबांना मधुमेह आहे? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहातही पायांच्या तारा बिघडतात आणि दुखणं कळेनासं होतं. ब्रँड १९६६ साली अमेरिकेला गेले. तिथं त्यांनी कुष्ठरोगातून शिकलेलं हेच शहाणपण मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. आजोबांना स्वतःचे तळवे दिसत नाहीत, वाकता येत नाही. तुमचे डोळे तर चांगले आहेत! रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. फोड, चीर, लाली दिसली तर आईबाबांना सांगा. चप्पल घालण्याआधी आत हात घालून खडा, खिळा आहे का तपासा. अंघोळीचं पाणी त्यांनी पायानं तपासू नये, तुम्ही कोपर बुडवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानं एखादा पाय वाचू शकतो.

तर मग, देवदूताच्या वराचं काय ठरलं? पुन्हा ठेच लागली की "आई गं!" जरूर म्हणा, जखम धुऊन घ्या. ठणका लागला, तर समजा रखवालदार कामावर हजर आहे!